राजकीय नेत्यांचे स्वयंअध्ययन

राजकीय नेत्यांचे स्वयंअध्ययन : शाळा-महाविद्यालयांच्या चौकटीबाहेर, मुख्यतः ग्रंथवाचनातून, नेत्यांनी स्वतःला घडवण्याची प्रक्रिया. यात शाळेचे तोंड फारसे न पाहिलेले नेते येतात, तसे शिकूनसवरूनही ज्यांचे तेवढ्यावर भागले नाही असेही येतात. नेत्याने काय काय वाचले याच्या लांबलचक याद्या चरित्रकार हौसेने देतात. त्याने कसे वाचले, हे मात्र त्या यादीपेक्षा अधिक बोलके असते.

अब्राहम लिंकन (१८०९–१८६५) यांचे एकूण शालेय शिक्षण जेमतेम वर्षभराचे. १८५८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) सदस्यांच्या चरित्रकोशासाठी माहिती मागवली गेली, तेव्हा शिक्षणापुढे त्यांनी ‘सदोष’ एवढेच लिहून दिले. कायदा ते कोणत्याही विद्यालयात शिकले नाहीत. इंग्लिश कायद्यावरची ब्लॅकस्टोनची भाष्ये आणि उसनी आणलेली कायद्याची पुस्तके वाचून १८३६ मध्ये त्यांनी वकिलीची सनद मिळवली. काँग्रेसची मुदत संपवून पुन्हा वकिलीकडे वळल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तके हाती घेतली. एखादी गोष्ट ‘सिद्ध करणे’ म्हणजे नेमके काय, हे त्यांना तिथून शिकायचे होते. त्यांच्या भाषणांतली पायरीपायरीने चढत जाणारी मांडणी पाहिली, की हा खटाटोप वाया गेला नाही असे म्हणावे लागते. लिंकन मोठ्याने वाचत. कार्यालयात रोज सकाळी वर्तमानपत्राचे पठण चाले आणि वकिलीतले भागीदार हर्नडन वैतागत. डोळे आणि कान दोन्ही कामाला लागले की मजकूर पक्का बसतो, असे त्यावर लिंकन यांचे उत्तर असे.

विन्स्टन चर्चिल यांचा प्रवास उलट दिशेचा. हॅरोसारख्या नामांकित शाळेत शिकूनही आपल्याला फारसे काही येत नाही, हे त्यांना १८९६ मध्ये बंगळूरच्या लष्करी छावणीत जाणवले. वय २२, दुपारी कडक ऊन आणि हाताशी भरपूर रिकामा वेळ. आई इंग्लंडहून पेट्या भरून पुस्तके धाडी : गिबन, मेकॉले, प्लेटो, डार्विन, अ‍ॅडम स्मिथ. यातली खरी शिकवणी मात्र ‘अ‍ॅन्युअल रजिस्टर’च्या जुन्या खंडांनी दिली. त्यात संसदेतील वादांचे वृत्तांत असत. एखाद्या विधेयकावरची चर्चा वाचण्याआधी चर्चिल स्वतःचे मत कागदावर लिहून काढत, मग चर्चा वाचत आणि मत पुन्हा तपासून लिहीत. संसदेत पाऊल ठेवण्याआधीच हा तरुण अधिकारी तिथल्या जुन्या वादांत मनातल्या मनात भाग घेत होता. गिबन-मेकॉले यांच्या शैलीचे वळण त्यांच्या गद्यात शेवटपर्यंत राहिले.

भाराभर वाचन मात्र सर्वांनीच केले असे नाही. विद्यार्थिदशेत पाठ्यपुस्तकांपलीकडे आपण फारसे वाचले नाही आणि पुढे कामाच्या रगाड्यात वेळच मिळाला नाही, असे म. गांधी यांनी आत्मकथेत सांगितले आहे. जे थोडे वाचले ते पचवले, असेही. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून डर्बनला निघताना पोलॉक या स्नेह्याने रस्किनचे ‘अन्टू धिस लास्ट’ त्यांच्या हाती दिले. गांधींनी ते गाडीतच संपवले, त्या रात्री त्यांना झोप आली नाही आणि त्याच वर्षी डर्बनजवळ फिनिक्सचा आश्रम उभा राहिला. जोतीराव फुले यांच्याबाबतीत टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ असेच निर्णायक ठरले. ते त्यांनी १८४७ च्या सुमारास वाचले.

तुरुंग हे या अध्ययनाचे मोठे केंद्र. नेत्याला एरवी न मिळणारी सलग फुरसत सरकारच देऊ करते! लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात (१९०८–१४) होते, तेव्हा त्यांची खोली ग्रंथांनी भरली होती. मूळ ग्रंथ वाचता यावेत म्हणून त्यांनी तिथे जर्मन आणि फ्रेंच भाषांचा अभ्यास केला. सुटे कागद आणि शाई यांना मनाई होती. पाने मोजून दिलेल्या बांधीव वह्यांत शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून झाले. ते १९१५ मध्ये छापले गेले. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरच्या तुरुंगात नेल्सन मंडेला आणि त्यांचे सहकारी पत्राने पदव्यांचा अभ्यास करत. वर्तमानपत्रांवर मात्र १९८० पर्यंत बंदी होती. तिथल्या एका भारतीय वंशाच्या कैद्याने शेक्सपिअरच्या समग्र नाटकांच्या प्रतीला दिवाळीची शुभेच्छापत्रे चिकटवून तो धर्मग्रंथ असल्याचे भासवले. ती प्रत कोठडी-कोठडीतून फिरली. ‘ज्युलिअस सीझर’मधील, भित्रा मरणाआधी अनेकदा मरतो, या ओळींपाशी मंडेलांनी १६ डिसेंबर १९७७ ही तारीख घालून सही केली.

सार्वजनिक ग्रंथालयांनीही अनेकांना हात दिला. माओ त्से-तुंग तरुणपणी शाळा सोडून सुमारे सहा महिने हूनान प्रांताच्या ग्रंथालयात बसत; जगाचा नकाशा त्यांनी प्रथम तिथेच पाहिला. पदव्यांची वानवा नसलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये ब्रिटिश म्युझिअमच्या ग्रंथालयात दिवसदिवस घालवत, आणि पुढे मुंबईतील ‘राजगृह’ हे घर त्यांनी ग्रंथसंग्रह डोळ्यांसमोर ठेवूनच बांधले.

या विषयाच्या साधनांकडे सावधपणे पाहावे लागते. गावातल्या ग्रंथालयातले प्रत्येक पुस्तक लहानपणीच वाचून काढले, असे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले हॅरी ट्रुमन सांगत; त्याला मुख्य साक्षीदार तेच. आठवणींपेक्षा समासातल्या खुणा विश्वासार्ह. त्या दृष्टीने सर्वांत समृद्ध पुरावा जोसेफ स्टालिनच्या ग्रंथसंग्रहाचा आहे. तिफ्लिसच्या (आजचे त्बिलिसी) धर्मविद्यालयात ह्यूगोची कादंबरी बाळगल्याबद्दल शिक्षा भोगलेल्या या वाचकाने पुढे हजारो पुस्तके जमवली. त्यांतल्या शेकडो पुस्तकांवर रंगीत पेन्सिलींच्या रेघा आहेत, कडेला ‘हा हा’ किंवा ‘मूर्खपणा’ असे शेरेही. ट्रॉट्स्कीसारख्या कट्टर विरोधकाचे लेखनही त्याने बारकाईने वाचले होते. व्यासंगामुळे सत्ताधारी उदार होतो, या आवडत्या समजुतीला हा संग्रह बिलकूल दुजोरा देत नाही.