गोलरक्षक गुडघ्यावर कसा आला : आइस हॉकीतल्या बचावाची पार्श्वभूमी

आइस हॉकीचा गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच असतो; पक म्हणजे ३ इंच व्यासाची, साधारण १७० ग्रॅम वजनाची रबरी चकती. आजचा गोलरक्षक बरेचसे फटके गुडघे बर्फावर टेकून अडवतो. नॅशनल हॉकी लीग ही उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक स्पर्धा १९१७ मध्ये सुरू झाली तेव्हा मात्र खाली बसण्यावर बंदी होती. ओटावाचा गोलरक्षक क्लिंट बेनेडिक्ट तोल गेल्यासारखा वारंवार पडायचा, आणि हे पडणं खरं की मुद्दाम, हे पंचांना ठरवता येईना. जानेवारी १९१८ मध्ये, पहिल्याच हंगामात, लीगने बंदी उठवली.

तरीही पुढे कित्येक वर्षं बहुतेक गोलरक्षक शक्य तोवर उभेच राहिले. खाली गेलं की चेहरा थेट पकच्या वाटेत येतो. पायांची सोय आधीच झाली होती. विनिपेगच्या व्हाइटी मेरिटने १८९६ मध्येच स्टॅन्ली कप या मानाच्या करंडकाच्या सामन्यात क्रिकेटचे पॅड बांधले होते. तोंड मात्र उघडंच राहिलं. १ नोव्हेंबर १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अँडी बाथगेटच्या फटक्याने माँट्रियलचा गोलरक्षक जॅक प्लांट याचा चेहरा फाटला. टाके घालून तो परतला तो मास्क लावूनच. प्रशिक्षक टो ब्लेक यांना ते पसंत नव्हतं, पण माँट्रियलचा संघ जिंकत राहिला आणि विरोध मावळला. माझ्या मते या खेळातलं सगळ्यात मोठं वळण हेच.

गुडघे जवळ, पोटऱ्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या, ही ‘बटरफ्लाय’ पद्धत ग्लेन हॉलने मास्क नसतानाच वापरली होती. टोनी एस्पोझितोने ती रुजवली, आणि १९८० च्या दशकात पॅट्रिक रॉय व प्रशिक्षक फ्रान्स्वा अलेर यांनी तिला शिस्तबद्ध रूप दिलं.

ती चालते त्यामागे भूमिती आहे. पक गोलसमोर ३० फुटांवर असेल आणि गोलरक्षक रेषेवरच उभा असेल, तर त्याला पूर्ण ६ फूट रुंदी झाकावी लागते. तो ५ फूट पुढे आला की ५ फूटच उरते, आणि उंची ३ फूट ४ इंचांवर येते. म्हणून गुडघ्यावर बसलेलं धडही पुरतं. पण जितकं पुढे यावं तितकं आडव्या पासवर परत सरकायचं अंतर वाढतं.

इथे बचावपटूचं काम ठरतं. दोन आक्रमकांसमोर एकटा बचावपटू असेल, तर फटका अडवणं गोलरक्षकाचं काम, पास रोखणं बचावपटूचं. बचावपटूने मधल्या वाटेत राहून स्टिक पासच्या रेषेत ठेवायची. तो पकवाल्याच्या अंगावर धावला की पास मोकळा होतो, आणि गोलरक्षकाला तोवर तिकडे पोहोचता येत नाही. अर्धवट अडवलेला फटका हाही त्रासच, कारण गोलरक्षकाची नजर झाकली जाते आणि पक दिशा बदलतो.

२००५ मध्ये लीगने पॅडची कमाल रुंदी १२ वरून ११ इंच केली आणि गोलमागच्या कोपऱ्यांत गोलरक्षकाने पक खेळण्यावर बंदी घातली. त्यामुळे कोपऱ्यातला पक बचावपटूंनाच आणावा लागतो, आणि दबाव गोलच्या खांबाजवळ वाढतो. आता तिथे गोलरक्षक खांबाकडचा पॅड बर्फावर आडवा टेकवून स्केट खांबाला लावतात आणि दुसऱ्या पायाने रेटा देतात. घाई केली तर खांबाजवळ खांद्याच्या वर फट राहते, आणि चांगला नेमबाज नेमका तिथेच मारतो.