मानसशास्त्रज्ञ स्वतः कसा विचार करतात? या प्रश्नाची पार्श्वभूमी

मानसशास्त्रज्ञांची विचार करायची स्टाइल, त्यांना स्वतःबद्दल असलेली जाण आणि त्यांची पर्सनॅलिटी यांचा एकमेकांशी काय संबंध, हे आता प्रश्नावल्या भरून घेऊन तपासतात, पण हा प्रश्न काही आजचा नाही. मला तर वाटतं या विषयातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच, कारण बघणारं पण मन आणि ज्याच्याकडे बघायचं ते पण मनच.

१८८० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञाने लोकांना एक साधी गोष्ट करायला सांगितली, आज सकाळी ज्या टेबलावर नाश्ता केला ते डोळ्यासमोर आणा आणि सांगा चित्र किती स्पष्ट दिसतं, उजेड किती, रंग कसे. सुरुवातीला त्याने ओळखीच्या शास्त्रज्ञांना विचारलं, तर त्यातले बरेच म्हणाले असं काही दिसत वगैरे नाही, 'डोळ्यासमोर आणणं' ही नुसती बोलायची पद्धत आहे असंच ते तोपर्यंत धरून चालले होते!

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातला मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर. याला साध्या साध्या शब्दांची पण चित्रं दिसायची. १९०९ मध्ये त्याने लिहून ठेवलंय की 'अर्थ' म्हटलं की त्याला निळसर करड्या पळीसारख्या कशाचं तरी टोक दिसतं, वरती थोडा पिवळा भाग, बहुतेक दांडा असावा, आणि ते टोक एका काळपट मऊ गोळ्यात घुसत असतं. आता ज्याच्या डोक्यात दिवसभर असं चालू, त्याची थिअरी काय असणार, तर विचार म्हणजे संवेदना आणि प्रतिमाच. त्याच काळात जर्मनीत व्युर्ट्सबुर्गला ऑस्वाल्ड क्युल्पेच्या लॅबमधले लोक सांगत होते की आमच्याकडे चित्राशिवायचे विचार सापडतात. दोघेही ट्रेनिंग घेतलेले, दोघेही आत डोकावूनच बोलतायत, मग खरं कोण हे ठरवायचं कसं? वाद काही मिटला नाही, आणि १९१३ मध्ये जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सांगून टाकलं की हे आत डोकावणंच बंद करा, फक्त वागणं बघा.

त्याच वर्षी मनोविश्लेषण सुरू करणारा फ्रॉइड आणि त्याचा झुरिकमधला सहकारी युंग यांची फारकत झाली. फ्रॉइडचा दुसरा सहकारी अ‍ॅडलर त्याआधीच १९११ मध्ये त्याच्या गटातून बाहेर पडला होता. युंगला प्रश्न पडला की फ्रॉइड आणि अ‍ॅडलर, दोघं हुशार, पेशंट बघतात ते पण सारखेच, तरी निष्कर्ष इतके वेगळे कसे, आणि त्याचं उत्तर असं की दोघांचे स्वभावच वेगळे, फ्रॉइडचं लक्ष बाहेरच्या माणसांकडे आणि वस्तूंकडे, अ‍ॅडलरचं स्वतःकडे. १९२१ मध्ये त्याने बहिर्मुख आणि अंतर्मुख अशी सगळी मांडणी केली. आज कुणीही सहज स्वतःला इंट्रोव्हर्ट म्हणवतं, पण त्या शब्दामागे मानसशास्त्रज्ञांच्या स्वभावांचं हे भांडण आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आणि जो दुसऱ्यांचं विश्लेषण करणार त्याने आधी स्वतःचं करून घ्यावं, हा आग्रह पण झुरिककडच्या, म्हणजे युंगच्या मंडळींचाच, १९१२ मध्ये फ्रॉइडने तसं श्रेय दिलंय.

मोजमाप नंतर आलं. अ‍ॅन रो या मानसशास्त्रज्ञ बाईंनी ६४ नामवंत शास्त्रज्ञांच्या मुलाखती आणि टेस्ट घेतल्या, १९५३ मध्ये ते काम पुस्तकरूपात आलं, त्यात जीवशास्त्रज्ञ जास्त करून चित्रांत विचार करणारे आणि मानसशास्त्र-मानववंशशास्त्रवाले शब्दांत. १९८४ मध्ये ग्रेगरी किंबलने दाखवलं की मानसशास्त्रज्ञांमध्येच दोन गट आहेत, प्रयोग आणि आकडे मानणारा एक आणि माणूस समजून घेणं मोठं मानणारा दुसरा. नंतर सेमूर एपस्टाइनच्या प्रश्नावल्यांमुळे तर्काने विचार करायची आणि अनुभवाने, म्हणजे आतून जे वाटतं त्यावरून, विचार करायची सवय वेगवेगळी मोजता यायला लागली.

पण स्वतःची जाण असली की झालं, असं काही निघालं नाही. १९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सनने लिहिलेला एक प्रयोग आठवतो, चार अगदी एकसारखे नायलॉनचे स्टॉकिंग ओळीने मांडले आणि लोकांना सांगितलं चांगला निवडा. उजवीकडचा कितीतरी जास्त वेळा उचलला गेला, कारण विचारलं तर लोक क्वालिटी सांगत होते, जागेचं नाव कुणीच घेतलं नाही. आणि १९९९ मध्ये ट्रॅपनेल आणि कॅम्पबेलने दाखवलं की स्वतःबद्दल विचार करणं ही एकच गोष्ट नाही, एक असतं कुतूहलाने बघणं, ते नव्याची ओढ असलेल्या लोकांत जास्त, आणि दुसरं तेच तेच उगाळत बसणं, ते चिंता करणाऱ्या स्वभावाबरोबर जातं. मला ही फोड फारच कामाची वाटते, कारण थेरपिस्टने 'स्वतःकडे बघावं' म्हणताना आपण यातलं नक्की कुठलं म्हणतोय हे कुणी बोलतच नाही.

यातली बरीचशी मोजणी अजूनही 'मी स्वतःबद्दल खूप विचार करतो' अशा वाक्यांसमोर आकड्याला गोल करूनच होते, म्हणजे परत आत डोकावणंच आलं. म्हणून मित्रांना पण विचारायचं. २०१० मध्ये सिमीन वझीरने तसं करून बघितलं, तर माणूस किती अस्वस्थ असतो हे त्याचं त्यालाच जास्त बरोबर कळत होतं, पण तो किती हुशार आणि किती कल्पक हे त्याच्यापेक्षा मित्रांनी जास्त बरोबर सांगितलं.