चुना ओला आहे तोवर

पानाच्या डबीतला चुना काही दिवस उघडा राहिला की त्यावर कडक पापुद्रा धरतो. नखाने उचलला तर कटकन तुटतो, पाण्यात टाकला तरी पुन्हा मऊ होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो परत चुनखडी झालेला असतो. इटलीतली भित्तिचित्रं सहा-सातशे वर्षं टिकली, ती या पापुद्र्याच्या जोरावर.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवायचा, मुरवायचा, वाळू घालून भिंतीला गिलावा करायचा आणि गिलावा ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेला रंग लावायचा. डिंक नाही, तेल नाही. भिंत सुकताना चुना पृष्ठभागावर येऊन त्याचे स्फटिक होतात आणि रंगाचे कण त्यांत कोंडले जातात. हाच फ्रेस्को, इटालियनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘ताजा’. (आपण अजिंठ्यालाही सर्रास फ्रेस्को म्हणतो, पण तिथलं रंगकाम मातीच्या लेपावर, तो सुकल्यानंतर केलेलं आहे.)

चुन्यात सगळेच रंग तग धरत नाहीत. गेरू, पिवळी माती टिकतात. निळा अझुराइट मात्र बहुधा सुक्या भिंतीवर चिकटद्रव्याने लावावा लागे. इटलीतल्या पादुआ इथल्या चॅपेलमध्ये (छोट्या प्रार्थनामंदिरात) चित्रकार जोत्तोने १३०५च्या सुमारास चित्रं रंगवली. तिथे मेरीच्या अंगावरचा निळा रंग बऱ्याच ठिकाणी गळून गेलाय आणि शेजारचे मातकट रंग जसेच्या तसे आहेत.

लिओनार्दोला चुन्याची ही घाई मानवणारी नव्हती. मिलानमधल्या मठाच्या भिंतीवर ‘द लास्ट सपर’ (१४९५–९८) रंगवताना तो कधी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत खाली उतरत नसे, तर कधी येऊन दोन-चार फटकारे मारून निघून जाई, असं पाहणाऱ्याने लिहून ठेवलंय. रेखाटायचं, पुसायचं, सावली हळूहळू गडद करत न्यायची, यासाठी त्याला सुकी भिंतच हवी होती. म्हणून त्याने सुक्या लेपावर टेंपेरा (अंड्यात कालवलेला रंग) आणि तेल वापरलं. त्याच्या हयातीतच पोपडे सुटू लागले. १९९९मध्ये संपलेल्या दुरुस्तीला वीसहून अधिक वर्षं लागली. मला त्याचा हट्ट समजतो. तरी ती भिंत पाहून जीव तुटतो.

मायकेलअँजेलोने व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलच्या छतावर (१५०८–१२) ओला चुनाच पत्करला. सुरुवातीला गिलाव्यात पाणी जास्त झालं, बुरशी आली. मिश्रण सुधारून तो पुढे गेला. गवंडी रोज एका दिवसात रंगवून होईल तेवढाच तुकडा लिंपत. या तुकड्याला ‘जोर्नाता’, म्हणजे दिवसभराचं काम, म्हणतात. दुसऱ्या दिवशीचा गिलावा आदल्या दिवशीच्या कडेवर किंचित चढतो. तिरपा उजेड टाकला की ती कड उठून दिसते, आणि कोणता चेहरा आधी झाला, कोणता हात दुसऱ्या सकाळी, हे आजही वाचता येतं.