माइक बाजूला ठेवा, खुर्च्या गोल मांडा

धर्म किंवा जातीवरून तणाव झाला की सोलापुरात सलोख्याची सभा ठरते: मांडव, माइक आणि व्यासपीठावर दोन्हीकडचे पुढारी. मनं वळवायची असतील तर ही मांडणी जवळजवळ कुचकामी आहे. समोर आपलीच माणसं बसलेली असताना, पलीकडच्याचं म्हणणं पटलं तरी ते कबूल करणं वक्त्याला परवडत नाही. एकाच विचाराची माणसं जमवणं त्याहून वाईट, कारण चर्चेनंतर मतं आणखी टोकाला जातात.

दोन गटांची माणसं एकत्र आली की पूर्वग्रह कशाने उतरतो, याच्या चार अटी गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडल्या: बरोबरीचं स्थान, एकच उद्दिष्ट, त्यासाठी एकमेकांचं सहकार्य आणि अधिकारावरच्या लोकांचा पाठिंबा. २००६ साली पेटिग्रू आणि ट्रॉप या मानसशास्त्रज्ञांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले. नुसत्या संपर्कानेही पूर्वग्रह कमी होतो, पण या अटी पाळल्या तर जास्त, असं त्यांना दिसलं. उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं क्रिकेट संघांत विभागून एक प्रयोग झाला. एका संघात खेळलेल्यांची जातीपलीकडे मैत्री वाढली. विरुद्ध संघांत समोरासमोर आलेल्यांना असा फायदा झाला नाही, काही बाबतींत उलट तोटाच झाला. व्यासपीठावरचा वादविवाद हा असाच विरुद्ध संघांचा सामना असतो.

म्हणून आठ जणांचा गट करा. एखाद्या समाजाचा एकटाच माणूस गटात नको. त्याच्यावर अख्ख्या समाजाची वकिली येऊन पडते. निदान तिघे हवेत. चर्चा चालवणारे दोघे, दोन वेगळ्या समाजांतले. मोबाइल बंद, चित्रण नाही.

सोलापुरात बरोबरीचं स्थान भाषेपासूनच सुरू होतं. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलणाऱ्या या शहरात चर्चा पुस्तकी मराठीत ठेवली, तर पूर्व भागातली विणकर बाई तोंडच उघडणार नाही. ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत बोलू द्यावं आणि शेजारच्याने अर्थ सांगावा. यात वेळ जातो, पण माणसं ऐकायला शिकतात ती इथेच.

पहिली फेरी मतांची नको, अनुभवाची हवी. प्रत्येकाला दोन मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही. ‘तुम्ही लोक असं का करता?’ हा प्रश्न समोरच्याला लगेच बचावात ढकलतो. ‘त्या दिवशी तुमच्या घरी काय चाललं होतं?’ असं विचारलं की माणूस सांगू लागतो. कोणी ‘ते सगळे तसलेच’ म्हणालं, तर चर्चा चालवणाऱ्याने तिथल्या तिथे विचारावं, ‘तुमच्या बाबतीत नेमकं काय घडलं?’ अफवा ताजी असताना मात्र बैठक घेऊ नये. आधी पोलिसांकडून खरं काय ते कळू द्यावं, नाहीतर सगळा वेळ त्या अफवेवरच जातो.

एका बैठकीचा परिणाम उंबऱ्याबाहेर फारसा टिकत नाही. इराकमध्ये ख्रिश्चन आणि मुस्लिम खेळाडूंचे मिश्र फुटबॉल संघ केले, तेव्हा मैदानावरची वागणूक सुधारली, गावातली फारशी बदलली नाही. त्यामुळे उठण्याआधी पुढची तारीख ठरवा आणि गटाला एक काम द्या. नळाला रोज पाणी न येणाऱ्या या शहरात ते शोधावं लागणार नाही: दोन मोहल्ल्यांच्या पाण्याच्या वेळांची एकच नोंदवही ठेवायची आणि महापालिकेत अर्ज द्यायला मिळून जायचं.