चारचौघांत बाळाला पाजणं: ही लाज आली कुठून?

तान्हं बाळ पहिल्या काही आठवड्यांत 24 तासांत 8 ते 12 वेळा अंगावर पितं. हा हिशोब आधी डोक्यात ठेवा, कारण "जरा आडोशाला जाऊन पाज ना" म्हणणाऱ्यांना तो माहीतच नसतो, आणि दर वेळी आडोसा शोधायचा म्हटलं तर त्या बाईचं घराबाहेर पडणंच बंद होतं. डोक्यावरून कापड टाकलं तर आत बाळ घामाघूम होतं, हातानं कापड ओढतं, दूध सोडून रडायला लागतं आणि मग तर सगळेच वळून बघतात.

बऱ्याच जणांना वाटतं ही लाज पूर्वापार आहे. पण प्राचीन इजिप्तमध्ये इसिस देवी मांडीवरच्या आपल्या मुलाला, होरसला पाजतेय अशा ब्राँझच्या छोट्या मूर्ती भरपूर सापडल्यात, लोक त्या देवळात वाहायचे. युरोपात 14व्या-15व्या शतकातल्या चित्रांमध्ये मेरी बाळ येशूला पाजताना उघड दिसते आणि त्याच चित्रांपुढे लोक प्रार्थना करायचे. पुढे 1563 मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेनं धार्मिक चित्रांत कामुक काही नको असं ठरवलं, त्यानंतर अशी चित्रं कमी होत गेली.

श्रीमंत घरांत वेगळंच चालायचं, तिथं बाळ पाजायला दाई ठेवायचे. लिनियस या शास्त्रज्ञानं 1752 मध्ये या प्रथेविरुद्ध लिहिलं आणि 1758 मध्ये आपल्या सगळ्या प्राणीवर्गाला 'सस्तन' या अर्थाचं लॅटिन नाव दिलं, म्हणजे अख्ख्या वर्गाची ओळखच त्यानं स्तनावरून ठेवली. मला हे फार मोठं वाटतं. आणि ज्या 19व्या शतकाला आपण सगळ्यात सोवळं समजतो ना, त्याच शतकात अमेरिकेत बायकांनी स्टुडिओत बसून बाळाला पाजतानाचे फोटो काढून घेतलेत, अंगभर कपडे आणि बाळापुरतंच काय ते उघडं. लपवायची गोष्ट असती तर पैसे मोजून फोटो कोणी काढला असता?

माझ्या मते खरा बदल बाटलीनं केला. 1860 च्या दशकात लीबिग आणि नेस्ले यांचे बाळांसाठीचे तयार आहार बाजारात आले, मग 20व्या शतकात बाळंतपणं हॉस्पिटलात गेली, दर चार तासांनी घड्याळ बघून पाजायचं असं डॉक्टर सांगू लागले, बाळ आईपासून वेगळ्या खोलीत ठेवू लागले. 1970 च्या सुमारास अमेरिकेत चारातल्या जेमतेम एका बाळाला अंगावरचं दूध मिळत होतं. एका अख्ख्या पिढीनं कुणाला पाजताना बघितलंच नाही, त्यांना स्तन दिसला तो जाहिरातीत नाहीतर सिनेमात, मग बसमध्ये पाजणारी आई दिसली की ती त्यांना अश्लील वाटणारच.

संकोच किती होता बघा, 1956 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या 7 आयांनी अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी मदतगट काढला तेव्हा वर्तमानपत्रात 'स्तन' शब्द छापणं अवघड म्हणून त्यांनी स्पॅनिश नाव घेतलं, 'ला लेचे लीग', म्हणजे नुसतं 'दूध'. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पावडरच्या दुधाच्या जाहिरातींसाठी नियमावली केली, विरोधात मत एकच, अमेरिकेचं.

चारचौघांत पाजायला संरक्षण देणारे कायदे त्याहून उशिरा आले. अमेरिकेतल्या फ्लोरिडात 1993 मध्ये, स्कॉटलंडमध्ये 2005 मध्ये, आणि तिथं 2 वर्षांखालच्या बाळाला सार्वजनिक जागी पाजणाऱ्याला अडवणं हाच गुन्हा ठरवला, जो मला सगळ्यात शहाणा कायदा वाटतो. अमेरिकेतल्या सगळ्या 50 राज्यांत असा कायदा व्हायला 2018 उजाडलं.

2003 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या विधानसभेत आमदार कर्स्टी मार्शल 11 दिवसांच्या लेकीला पाजत बसल्या होत्या तर त्यांना बाहेर जायला सांगितलं, कारण सभागृहात 'परक्या व्यक्तीला' परवानगी नाही, आणि ती परकी व्यक्ती म्हणजे ते 11 दिवसांचं बाळ! त्याच देशाच्या सिनेटनं 2016 मध्ये नियम बदलले, आणि जून 2017 मध्ये सिनेटर लॅरिसा वॉटर्स कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांच्या आजारावर ठराव मांडायला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची मुलगी अंगावर पीत होती, त्या बोलत राहिल्या आणि ती पीत राहिली.