आधी कातडं, मग मांस : अजगरपालन आलं कुठून?

मार्च २०२४ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला आणि जगभरच्या माध्यमांत अजगराच्या मांसाची चर्चा सुरू झाली. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातले डॅनियल नॅटुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायलंड व व्हिएतनाममधल्या दोन फार्मांवर ४,६०१ अजगरांची वर्षभराची वाढ मोजली होती. बऱ्याच बातम्यांचा सूर असा, की हवामानबदलाच्या काळात शास्त्रज्ञांना मांसासाठी अजगर पाळण्याची एक नवी कल्पना सुचली आहे. पण साडेचार हजार अजगर मोजायला मिळाले, म्हणजे ते फार्म आधीपासून उभे होते. ते मांसाच्या टंचाईमुळे उभे राहिले नव्हते. ते उभे राहिले युरोपातल्या पर्सेस, बूट आणि पट्ट्यांसाठी.

आग्नेय आशियातल्या अजगरांच्या कातड्याचा मोठा व्यापार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाला. अंगावर जाळीसारखी नक्षी असलेला रेटिक्युलेटेड पायथन हा जगातला सर्वांत लांब साप. कातडं रुंद आणि नक्षी देखणी, त्यामुळे मागणी त्यालाच अधिक. इंडोनेशिया आणि मलेशियातले गावकरी तो शेतात, तेलताडाच्या मळ्यात पकडायचे. पुढे माल दलालांमार्फत सिंगापूरला आणि तिथून इटली-फ्रान्सला. १९७५ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा 'साइट्स' करार लागू झाला. आज अजगरांच्या बहुतेक जाती त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणजे व्यापाराला बंदी नाही, पण परवाना हवा आणि माल कुठून आला ते कागदावर हवं. रानातून पकडलेला की फार्मवर वाढवलेला, हा प्रश्न त्या कागदामुळेच महत्त्वाचा ठरला.

२०१२ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार केंद्राने या धंद्यावर अहवाल काढला. आग्नेय आशियातून वर्षाला सुमारे पाच लाख कातडी बाहेर जातात आणि हा सगळा व्यवहार १ अब्ज डॉलरच्या घरात आहे, असा त्यात अंदाज होता. इंडोनेशियातल्या गावकऱ्याला ज्या कातड्याचे ३० डॉलर मिळतात, त्याचीच पर्स युरोपातल्या दुकानात १५,००० डॉलरला विकली जाऊ शकते, हे उदाहरणही त्यातलंच. फार्मांवर मात्र अहवालाने संशय घेतला. अंड्यातून निघालेलं पिल्लू कापण्याजोगं होईपर्यंत पोसायचं, तर खर्च कातड्याच्या भावापेक्षा वर जाईल. मग इतके 'फार्मवरचे' अजगर येतात कुठून? रानातले पकडून फार्मच्या नावावर खपवले जात असावेत, अशी शंका होती.

गुचीसारख्या ब्रँडांची मालक असलेली केरिंग कंपनी, निसर्गसंवर्धनातली आययूसीएन ही संस्था आणि हेच व्यापार केंद्र २०१३ मध्ये एकत्र आले आणि फार्मांचा अभ्यास सुरू झाला. चीन, थायलंड आणि व्हिएतनाममधले फार्म पाहिल्यावर निष्कर्ष उलटा निघाला: अजगर बंदिस्त जागेत वाढवता येतात आणि ते परवडतं. परवडतं ते चाऱ्यामुळे. उंदीर, कोंबड्यांचे व डुकरांचे टाकाऊ भाग, मेलेली पिल्लं असं फुकट किंवा पडत्या भावात मिळणारं खाद्य आजूबाजूलाच होतं. शिवाय कातडं काढल्यावर उरलेलं मांस विकलं जात होतं. टाकाऊ खाद्यावर अजगराचं मांस तयार होतं, हा २०२४ च्या निबंधातला मुख्य मुद्दा इथे आधीच हजर होता, फक्त तेव्हा त्याला दुय्यम उत्पन्न म्हणत.

मांसाला गिऱ्हाईक होतं, कारण त्या भागात साप खाणं ही नवलाई नाही. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतात आणि हाँगकाँगमध्ये हिवाळ्यात सापाचं गरम सूप पितात. त्याने अंगात ऊब येते अशी समजूत. हनोईजवळचं ले मात गाव सापाचं मांस आणि साप घातलेली दारू यांसाठीच ओळखलं जातं. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या झिसिचियाओ गावात १९८० च्या दशकात रानातले साप पकडून विकणाऱ्यांना साप कमी होताना दिसू लागले आणि त्यांनी घरीच पैदास सुरू केली. पुढे दीड-पावणेदोनशे उंबऱ्यांचं ते गाव वर्षाला तीस लाखांच्या आसपास साप वाढवू लागलं. हे अजगर नव्हेत; नाग, मण्यार, घोणशीच्या कुळातले साप, आणि बराचसा माल पारंपरिक औषधांसाठी. पण रानातला साठा आटला की पालन सुरू होतं, हा क्रम तिथेही तोच.

मग दोन साथी आल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये आफ्रिकन स्वाइन फीव्हर सापडला, फेब्रुवारी २०१९ मध्ये व्हिएतनाममध्ये. लाखो डुकरं मेली, त्याहून जास्त मारावी लागली, आणि ज्यांच्या ताटात रोज डुकराचं मांस असतं त्या देशांत ते परवडेनासं झालं. डुकराला पर्याय काय, हा प्रश्न तेव्हापासून गंभीरपणे विचारला जाऊ लागला. दुसरी साथ कोविडची. तिने उलटा परिणाम केला. जानेवारी २०२० मध्ये एका निबंधाने विषाणूचा उगम सापांत असल्याचं सुचवलं. इतर शास्त्रज्ञांनी ते लगेच खोडून काढलं. तरी २४ फेब्रुवारी २०२० रोजी चीनने जमिनीवरचे वन्य प्राणी खाण्यावर बंदी घातली, फार्मवर वाढवलेलेही त्यात आले. मे महिन्यात पाळीव पशुपक्ष्यांची अधिकृत यादी निघाली. तीत ३३ प्रकारचे प्राणी होते, साप नव्हता. सापपालनाची सर्वांत मोठी बाजारपेठ अशी एका फटक्यात खाण्यापुरती मिटली. म्हणून आजची चर्चा थायलंड-व्हिएतनामभोवती फिरते.

आता त्या निबंधाकडे. रेटिक्युलेटेड आणि बर्मी, अशा दोन जातींचे अजगर. आठवड्यातून एकदा खाणं: भातशेतीत पकडलेले उंदीर, डुकराच्या मांसाचे टाकाऊ तुकडे, मासळीच्या गोळ्या. वाढीचा वेग दिवसाला ४६ ग्रॅमपर्यंत. खाल्लेल्या दर ४.१ ग्रॅम अन्नामागे १ ग्रॅम मांस हाती आलं. ६१ अजगरांना २० ते १२७ दिवस उपाशी ठेवलं, तर रोजची घट सरासरी वजनाच्या ०.००४ टक्के. चार महिने पोटात काही नाही आणि तरी वजन जवळपास तेवढंच! कोंबडी किंवा डुक्कर असं चार महिने काढणार नाही.

हे जमतं कारण अजगर शीतरक्ताचा आहे. आपण आणि आपली गुरं खाल्लेल्यातला मोठा वाटा शरीर गरम ठेवण्यात जाळतो. अजगर ते काम उन्हावर सोपवतो. भक्ष्य नसेल तेव्हा तो आतडी, यकृत, हृदय असे अवयव आक्रसून घेतो आणि गिळल्यावर पुन्हा वाढवतो. खाल्ल्यानंतर दोन दिवसांत बर्मी अजगराच्या हृदयाच्या कप्प्याचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं, हे २००५ मध्येच नोंदवलं गेलं होतं. पाणी बेताचं लागतं. दुष्काळ पडला, रस्ते बंद झाले, चारा मिळेना, तर धंदा थांबवून ठेवता येतो. जनावरं मरत नाहीत. माझ्या मते निबंधातला सर्वांत वजनदार मुद्दा हा आहे. मथळ्यांत आला तो मात्र 'कोंबडीपेक्षा कार्यक्षम' हा.

तो दावा जरा जपून घ्यावा. ४.१ हा आकडा ओल्या खाद्याचा, आणि उंदराच्या शरीरात सुमारे दोन-तृतीयांश पाणी असतं. कोंबडी-डुकरांचा हिशोब कोरड्या खाद्याचा. पाणी वजा केलं की अजगर खरोखर पुढे जातो, पण कोंबडी मका-सोयाबीन खाते आणि अजगर मांस. टाकाऊ मांस किंवा शेतातले उंदीर वापरले तर नफाच. पण फार्म वाढून त्यांच्यासाठी मुद्दाम मासळी किंवा कोंबड्या वाढवाव्या लागल्या, तर सगळं गणित कोसळेल. संशोधकांनी मांसाच्या उरल्यासुरल्या भागांचे सॉसेज करून तेही अजगरांना खायला घातले, ते याच अडचणीपायी. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मांसात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो, कच्च्या मांसातून परोपजीवी कृमी माणसात येतात. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात माजलेले बर्मी अजगर खाऊन संपवावेत असं अनेकांना वाटतं, पण त्यांच्या अंगात पाऱ्याचं प्रमाण इतकं आढळलं की ते खाऊ नयेत असंच सांगितलं जातं. फार्मवर खाद्य ताब्यात असतं, तेवढा फरक. मारण्याच्या पद्धतींवरून प्राणिप्रेमी संघटनांचा आक्षेप आहेच, आणि त्यात तथ्य आहे: अगदी कमी प्राणवायूवरही तगणारा हा प्राणी लवकर मरत नाही, मेंदू तत्काळ निकामी करावा लागतो.

आपल्याकडे यातलं काहीच लागू होत नाही. भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, साइट्सच्याही पहिल्या, म्हणजे व्यापाराला बंदी असलेल्या परिशिष्टात. पण कातड्याचा व्यापार इथेही जोरात होता; सापांच्या कातड्यांची निर्यात १९७६ मध्ये बंद झाली. तमिळनाडूतले इरुला आदिवासी त्या व्यापारासाठी साप पकडत. त्यांच्या पोटाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने त्यांची सहकारी संस्था निघाली. ती नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप परवान्याने पकडते, काही आठवडे ठेवून विष काढते आणि साप परत रानात सोडते. त्या विषापासून देशातलं सर्पदंशावरचं प्रतिविष बनतं. थायलंड-व्हिएतनाममध्ये कातड्याचा धंदा फार्मांकडे वळला, इथे तो विषाकडे.