इवल्या शब्दांतली ‘ई’

इंग्रजी बोलायला शिकणाऱ्या जळगाव-धुळ्याकडच्या मुलांच्या तोंडी ‘माय स्मॉल ब्रदर’ हमखास येतं. घरात लहान भाऊ, अहिराणीत धाकला भाऊ. लहान म्हणजे स्मॉल, हिशेब सरळ वाटतो. पण ज्याची मायबोली इंग्रजी आहे, त्याच्या कानाला हा भाऊ चणीनं बारका वाटतो, वयाचा पत्ताच लागत नाही. तिथं त्याला ‘लिटल’ हवा असतो, नाहीतर सरळ ‘यंगर’.

पाठांतराच्या वहीत स्मॉल, लिटल, टायनी, मायन्यूट हे सगळे शब्द ‘लहान’ या एकाच अर्थासमोर लिहून दिलेले असतात. माझा या पद्धतीला मनापासून विरोध आहे. या शब्दांतला फरक नुसता आकाराचा नाही. फरक पडतो तो बोलणारा त्या वस्तूकडे कसा बघतो यात, आणि काही शब्दांच्या बाबतीत तोंडातून निघणाऱ्या आवाजातही.

स्मॉल हा मापाचा शब्द. शर्टाच्या कॉलरमागचा ‘एस’ त्याचाच, आणि तुलना करायची तर स्मॉलर, स्मॉलेस्ट सहज होतात. लिटलची अशी रूपं क्वचितच ऐकू येतात, कारण त्यात माया, कीव, कधी तुच्छताही मिसळलेली असते. मराठीला हे नवं नाही. ‘घर लहान आहे’ ही भाडेकरूची तक्रार असते. ‘छोटंसं घर’ म्हटलं की त्याच दोन खोल्यांना जीव लावलेला असतो. आपला ‘सा’ जे काम करतो, त्यातलं बरंचसं इंग्रजीत लिटल करतो.

त्याच लिटलच्या आधी ‘अ’ लागतो की नाही, यावर तर अर्थच फिरतो. एप्रिलमध्ये गावाच्या टाकीत तळाला पाणी आहे असं समजा. ‘अ लिटल वॉटर’ म्हणणारा सांगतो की थोडं का होईना, पाणी आहे. नुसतं ‘लिटल वॉटर’ म्हणणारा सांगतो की पाणी जवळजवळ संपलंच. टाकीतलं पाणी दोघांचंही तेवढंच.

स्मॉलची मूळ कथा मला सगळ्यात आवडते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘अरुंद, सडपातळ’ असा होता. जर्मन भाषेत ‘श्माल’ म्हणजे आजही अरुंदच. या अर्थाची खूण शरीरशास्त्रात सापडते. लहान आतडं साधारण ६ मीटर लांब असतं आणि मोठं आतडं दीड मीटर, मग लांब असलेलं लहान कसं, हा प्रश्न शाळेत बऱ्याच जणांना पडलेला असतो. ही नावं लांबीवरून नाहीत, जाडीवरून आहेत. लहान आतड्याच्या लॅटिन नावाचा अर्थच मुळी ‘पातळ आतडं’ असा आहे. आता आपला ‘बारीक’ बघा. फारसीतून आला तेव्हा पातळ, अरुंद, नाजूक हाच त्याचा अर्थ होता. आज बारीक दोरा, बारीक कांदा, बारीक ताप, आणि कडेवरचं बारीक पोरगंही! दोन भाषांचा एकमेकींशी संबंध न येता अरुंदपणावरून लहानपणाकडे जाणारी वाट मात्र एकच निघाली.

मायन्यूट म्हणजे बारीक तुकडे केलेलं, अतिसूक्ष्म. घड्याळातलं मिनिट त्याचंच भावंड: तासाचा ‘पहिला बारीक भाग’ ते मिनिट आणि ‘दुसरा बारीक भाग’ तो सेकंद, अशी लॅटिन नावं होती. फ्रेंचमधून आलेल्या ‘पेटी’चाही मूळ अर्थ नुसता लहान असा होता. तो पेटी कॅशमध्ये टिकला. बाकी ठिकाणी त्याला हलकटपणाचा वास लागला. संस्कृतातल्या ‘क्षुद्र’चंही असंच झालं. आयुर्वेदातले क्षुद्ररोग म्हणजे किरकोळ आजार, आणि क्षुद्र माणूस म्हणजे काय ते सांगायला नको.

पण ‘टायनी’ आणि त्याच अर्थाचा ‘टीनी’ यांतला फरक इतिहासावरून पूर्ण कळत नाही. तिथं कानाकडे जावं लागतं.

एडवर्ड सपीर या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९२९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ‘मिल’ आणि ‘माल’ हे दोन्ही शब्द एका काल्पनिक भाषेत टेबलाची नावं आहेत असं समजा. मोठं टेबल कोणतं? सुमारे ८० टक्के लोकांनी ‘माल’ म्हटलं. मराठीत माल आणि मिल दोन्ही बाजारपेठेतले शब्द असल्यामुळे आपल्याकडे ते चालणार नाहीत, पण ‘गिप’ आणि ‘गाप’ असे निरर्थक शब्द घेऊन घरच्यांना विचारून बघा.

असं का होतं, त्यामागे ध्वनीचं भौतिकशास्त्र आहे. ‘ई’ म्हणा आणि तिथंच थांबा. जीभ पुढे सरकून टाळूला जवळजवळ टेकते, तिच्यापुढे जागा अगदी थोडी उरते, ओठ फाकतात. आता ‘आ’ म्हणा; जबडा खाली जातो आणि तोंड पोकळ होतं. घागर भरत आली की तिचा आवाज चढत जातो, कारण आत उरलेली हवेची जागा आखूड होत जाते. तोंडातही लहान पोकळी उंच स्वरात घुमते. १९५२ मधल्या एका गाजलेल्या मोजणीत अमेरिकी पुरुषांच्या ‘ई’चा दुसरा अनुनाद (तोंडाच्या पोकळीत घुमणाऱ्या स्वरांपैकी खालून दुसरा) सरासरी २२९० हर्ट्झ भरला, तर ‘आ’चा १०९०. म्हणजे दुपटीहून जास्त.

लहान प्राण्याचा आवाज उंच आणि मोठ्याचा खर्जातला, हे तर रानात राहणारा कुणीही सांगेल. प्राणिशास्त्रज्ञ यूजीन मॉर्टन यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की भांडणाच्या वेळी पक्षी आणि सस्तन प्राणी खालच्या, खरखरीत आवाजात ओरडतात. नमतं घेताना किंवा जवळीक साधताना त्यांचा आवाज उंच होतो. ध्वनिशास्त्रज्ञ जॉन ओहाला यांनी १९८० च्या दशकात हाच धागा माणसाच्या भाषेपर्यंत आणला. बाळाशी बोलताना आपला आवाज आपोआप चढतो, ‘इवलुस्सं’ म्हणताना ओठ ताणले जातात. त्यांच्या मते ‘ई’ने लहान वाटणं ही त्याच सवयीची दुसरी बाजू आहे.

२०१६ मध्ये जगातल्या जवळपास दोन-तृतीयांश भाषांच्या शब्दयाद्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यात ‘लहान’ या अर्थाच्या शब्दांत ‘इ’ अपेक्षेपेक्षा जास्त वेळा सापडला. टायनीची गोष्ट इथं चपखल बसते. १५ व्या शतकात तो शब्द ‘टीन’च्या जवळचा होता. नंतरच्या दोन-तीनशे वर्षांत इंग्रजीचे दीर्घ स्वर सरकले आणि ‘ई’ची ‘आय’ झाली. १९ व्या शतकात लोकांनी पुन्हा ‘टीनी’ घडवला. हरवलेली ‘ई’ त्यांनी परत आणली असंच मला वाटतं.

आपल्या घरात तर ती जागोजागी आहे: डबा-डबी, सुरा-सुरी, हंडा-हंडी, टोपला-टोपली. तरी इथं सावध राहायला हवं. ही ‘ई’ संस्कृतच्या ‘इका’ प्रत्ययातून झिजत आलेली आहे, तेव्हा निव्वळ आवाजाच्या जोरावर ती आली असं म्हणता येत नाही. इंग्रजीत तर ‘बिग’मध्ये ‘इ’ आहे आणि ‘स्मॉल’मध्ये नाही! २०२१ मधल्या एका अभ्यासात असंही दिसलं की इंग्रजीत स्वराचा आणि आकाराचा संबंध लहान-मोठेपणा सांगणाऱ्या विशेषणांत ठळक आहे. बाकीच्या शब्दसंग्रहात तो जवळजवळ नाहीसा होतो. मुंगीच्या नावात ‘ई’ असलीच पाहिजे असा नियम कुठंच नाही.

खानदेशातल्या बोली या दृष्टीनं तपासायच्या राहिल्या तर मला फार हळहळ वाटेल. पूर्वेकडे यावल-रावेरच्या लेवा बोलीत ‘उलीसा’ आहे. सुगरणीच्या चोचीला बहिणाबाईंनी ‘उलीशी’च म्हटलं. पश्चिमेकडे अहिराणीत ‘धाकला’ आणि ‘इतलासा’. धाकल्यात ‘इ’ नाही, उलीशीत दोनदा आहे. आपल्या बोलीतले असे शब्द एकच आजी वेगवेगळ्या वेळी कशा सुरात म्हणते, कुठला नातवासाठी राखून ठेवते आणि कुठला चिमूटभर मिठासाठी, हे नोंदवायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मोबाइलवर शांत खोलीत आवाज टिपायचा आणि संगणकावर ‘प्राट’ उघडायचं. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि स्वराचे अनुनाद हर्ट्झमध्ये मोजून देतं. सुरुवात करताना एकाच आजीकडून ‘उलीशी’, ‘बारीक’ आणि ‘लहान’ हे तिन्ही शब्द निदान दहा-दहा वेळा, पूर्ण वाक्यात म्हणवून घ्यावेत. सुटा शब्द म्हणायला सांगितला की माणूस तो वाचून दाखवल्यासारखा म्हणतो, आणि आपल्याला हवा तो सूर निघून जातो.